हॉटेलातला कलकलाट कमी करायला किती खर्च येतो?

चव चांगली, जागा स्वच्छ, दर रास्त. तरीही घरातल्या आजोबांना तिथे पुन्हा जायचे नसते. कानाला यंत्र लावलेल्या माणसाला गर्दीच्या हॉटेलात नातवाचे बोलणे आणि शेजारच्या चार टेबलांवरचे बोलणे वेगळे काढता येत नाही. तो नुसता मान डोलावत राहतो आणि पुढच्या वेळी ‘तुम्ही जाऊन या’ म्हणतो. गर्दी आली की गोंगाट आलाच, असे बहुतेक मालक धरून चालतात. पण चाळीस खुर्च्यांच्या हॉलमधला कलकलाट एका खुर्चीमागे साधारण दोन हजार रुपयांत चांगला जाणवण्याइतका उतरवता येतो. पैसा योग्य जागी पडला पाहिजे, एवढेच.

आवाज चढतो कसा

आजच्या हॉटेलात खाली व्हिट्रिफाइड टाइल, टेबलावर ग्रॅनाइट, रस्त्याच्या बाजूला काच आणि वर पीओपी असते. हे सगळे पृष्ठभाग पुसायला सोपे, पण आदळलेल्या आवाजातला जेमतेम दोन ते पाच टक्के भाग ते शोषतात. उरलेला आवाज हॉलमध्ये फिरत राहतो. त्यात माणसाचा स्वभाव भर घालतो. भोवतीचा आवाज वाढला की माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो, हे एत्येन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये दाखवून दिले. एक टेबल आवाज चढवते, म्हणून दुसरे चढवते. हीच साखळी उलटही चालते. हॉलने थोडा आवाज शोषला की लोक आपोआप हळू बोलतात आणि केलेल्या खर्चापेक्षा जास्त फरक पडतो.

आधी मोजा

रिकाम्या हॉलच्या मधोमध उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवा. आवाज क्षणात न विरता मागे घुमत राहिला, तर रोग छत-भिंतींत आहे. मग गर्दीच्या वेळी मोबाइलवरच्या डेसिबल ॲपने तीन-चार ठिकाणी दहा-दहा मिनिटे मोजा. आयफोनसाठी अमेरिकेतल्या ‘नायोश’ संस्थेचे मोफत ॲप आहे. मोबाइलचा आकडा अचूक नसतो, पण आधी आणि नंतर त्याच फोनने, त्याच जागी मोजले तर तुलना करता येते.

एक मीटरवरून साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल असते. हॉल ७५ च्या वर गेला की आवाज चढवावा लागतो, ८० च्या वर ओरडावे लागते. नायोशच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि पुढच्या दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ग्राहक तासाभरात उठून जातो. वेटर आणि कॅप्टन मात्र दोन्ही वेळचे जेवण संपेपर्यंत त्याच आवाजात उभे असतात. त्यांच्या कानांचा विचार मालकालाच करावा लागेल.

पहिली पायरी : पाच हजारांच्या आत

उष्टी भांडी गोळा करायचा टब बघा. स्टीलचे पेले आणि वाट्या हातभर उंचीवरून त्यात पडतात, टब बहुधा भिंतीला लागून असतो आणि प्रत्येक खणखणाट हॉलभर पसरतो. टबाच्या तळाला रबरी मॅट घाला, टब आडोशाला न्या आणि भांडी टाकायची नाहीत, ठेवायची, हे पोरांना समजावून सांगा. खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचे बसवा. एक बूच ५ ते १५ रुपयांना मिळते, म्हणजे ४० खुर्च्यांना ८०० ते २,४०० रुपये. ज्यूसचा मिक्सर हॉलमधून आत हलवा. टीव्हीचा आवाज बंद करा. गाणी लावायचीच असतील तर एका मोठ्या स्पीकरऐवजी चार लहान स्पीकर हळू आवाजात लावा.

दुसरी पायरी : दहा ते चाळीस हजार

स्वयंपाकघराच्या तोंडाशी दरवाजाच नसेल, तर एक्झॉस्ट, बर्नर आणि मोरीचा खडखडाट थेट पहिल्या टेबलावर येतो. आपोआप मिटणारा, कडेला रबरी पट्टी असलेला झुलता दरवाजा सुताराकडून १० ते २० हजारांत होतो. त्याला डोळ्यांच्या उंचीवर काच हवीच, नाहीतर ट्रे घेऊन येणारे एकमेकांवर आदळतील. बारा बाय आठ फुटांच्या काचेला जाड कापडाचा, भरपूर चुण्यांचा पडदा शिलाई आणि रॉडसह ८ ते १५ हजारांत पडतो. पातळ पडद्याचा उपयोग नाही.

तिसरी पायरी : छत

खरा फरक इथे पडतो, कारण हॉलमधला सर्वांत मोठा मोकळा पृष्ठभाग छतच असते. पुणे-मुंबईत बसवण्याच्या मजुरीसह प्रति चौरस फूट दर अंदाजे असे धरावेत. शहर, उंची आणि दर्जा यांनुसार ते खाली-वर होतील :

• ग्रिडमधल्या मिनरल फायबर टाइल : ९० ते १५० रुपये
• ९ मिमी पीईटी फेल्ट पॅनेल, मागे पट्ट्या देऊन : १५० ते २५० रुपये
• ५० मिमी ग्लासवूलचे कापड चढवलेले पॅनेल : २५० ते ४५० रुपये

पॅनेल किती आवाज शोषते ते ‘एनआरसी’ या ० ते १ मधल्या आकड्याने सांगतात. ०.७ च्या खालचे घेऊ नका. तेच पीईटी पॅनेल भिंतीला थेट चिकटवले तर निम्म्यानेही काम करत नाही. मागे दीड-दोन इंच पोकळी ठेवली की त्याचा आकडा बराच चढतो. कंत्राटदार वेळ वाचवायला चिकटवून मोकळे होतात. म्हणून ही पोकळी कोटेशनमध्ये लिहून घ्या.

एका हॉलचा हिशेब

हॉल ३० बाय २० फूट, उंची ११ फूट, खुर्च्या ४०. आवाज किती वेळ घुमतो हे काढायचे सूत्र हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइन यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी बसवले : हॉलचे घनफळ गुणिले ०.०५, भागिले शोषणारे क्षेत्रफळ. घनफळ ६,६०० घनफूट. टाइल, काच, पीओपी मिळून सगळ्या पृष्ठभागांचे शोषण सुमारे ७० चौरस फुटांइतके, फर्निचरचे २०, आणि ४० माणसांचे, कारण कपडे घातलेली माणसेही आवाज शोषतात, सुमारे १६०. एकूण २५०. म्हणजे भरल्या हॉलमध्ये आवाज १.३ सेकंद घुमतो. छताच्या अर्ध्या भागाला, ३०० चौरस फुटांना, ०.८ एनआरसीचे पॅनेल लावले की शोषणात २४० ची भर पडते आणि घुमणे ०.७ सेकंदांवर येते. एवढ्यानेच आवाज ३ डेसिबल उतरतो आणि लोक हळू बोलू लागले की आणखी उतरतो.

मागे पोकळी सोडलेले, ०.८ एनआरसीचे पॅनेल २०० रुपये दराने ६०,००० रुपयांना पडते. १८ टक्के जीएसटी धरून ७०,८००. एका खुर्चीमागे साधारण १,८०० रुपये. काम हॉटेल बंद झाल्यावर दोन-तीन रात्रींत उरकते; रात्रपाळीची मजुरी वेगळी लावणार का, हे आधीच विचारा.

कोटेशन घेताना

तीन जणांकडून दर मागवा. एनआरसीचा चाचणी अहवाल मागा. अग्निसुरक्षेचा अहवालही मागा. त्यावर ‘एएसटीएम ई ८४, क्लास ए’ किंवा ‘बीएस ४७६, क्लास १’ असा उल्लेख असावा. फोडणीच्या धुराने पॅनेलवर तेल बसते, म्हणून स्वयंपाकघराच्या तोंडाजवळ कापडी पॅनेल लावू नका, तिथे पुसता येणारे घ्या. जागा भाड्याची असेल तर स्क्रूने टांगलेली पॅनेल निवडा, जागा सोडताना ती बरोबर नेता येतात.

‘साउंडप्रूफिंग’चे कोटेशन आले तर थांबा. ते बाहेरचा आवाज आत किंवा आतला बाहेर जाऊ नये म्हणून असते. शेजाऱ्यांची तक्रार असेल तर ते लागेल, पण टेबलावरचे बोलणे त्याने स्पष्ट होणार नाही. हॉल दुमजली उंचीचा असेल किंवा गाण्याचे कार्यक्रम होत असतील, तर ध्वनितज्ज्ञाची फी मोजणे परवडते.

हे करू नका

अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल लावून काही साधत नाही. उघडा फोम आवाज थोडा शोषतो, पण भराभर पेटतो आणि विषारी धूर सोडतो. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिल आवारातल्या रेस्टॉरंटांना लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. आग लागल्यावर गिऱ्हाइकांना बाहेर पडायला मिनिटे मिळतात की सेकंद, हे बरेचसे छताला काय लावले आहे यावर ठरते. तीन वर्षांनी पॅनेल मळले म्हणून त्यावर ऑइलपेंटही मारू नका. छिद्रे बुजतात आणि पॅनेल पुन्हा भिंतीसारखे होते.

गिऱ्हाइकांसाठी

वयस्कर मंडळी बरोबर असतील तर टेबल राखून ठेवतानाच कोपऱ्यातली जागा मागा, स्वयंपाकघर आणि गल्ल्यापासून लांब. त्यांची पाठ भिंतीकडे आणि तोंड आपल्याकडे येईल असे बसवा. गाण्यांचा आवाज कमी करायला निःसंकोच सांगा. आणि निघताना गल्ल्यावर मालकाला सांगा की जेवण आवडले, पण बोलता आले नाही. चवीची तक्रार मालकापर्यंत पोचते, आवाजाची बहुधा पोचतच नाही, म्हणून त्यावर खर्चही होत नाही.

मालकांनी कंत्राटदाराची १० ते १५ टक्के रक्कम हातात राखावी. काम झाल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी, त्याच फोनने, त्याच टेबलांवर पुन्हा मोजावे. आकडा किमान ३ डेसिबलने उतरला असेल तरच शेवटचा हप्ता द्यावा, आणि ही अट काम सुरू होण्यापूर्वीच कागदावर घ्यावी.