खापरं ओळखणारी मुलं किनाऱ्याला हवी आहेत

बारावीनंतर मुलगी ‘मला पुरातत्त्व करायचंय’ म्हणाली की जुळे सोलापुरातल्या घरात पहिला प्रश्न नोकरीचा निघतो. समुद्रकाठच्या जुन्या वस्त्यांचं नाव काढलं की दुसरा प्रश्न येतो, समुद्र कुठे नि आपण कुठे? दोन्ही रास्त आहेत. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो.

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. तगरचं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जात असे, अशी नोंद पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. म्हणजे आपल्या मातीतलं खापर ओळखता येणाऱ्या मुलाला बंदरावरचा अर्धा माल ओळखीचा असतो. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती मुलांना जरूर दाखवा. तशीच भारतीय मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईला सापडली.

किनाऱ्यावरचं काम मात्र थांबणारं नाही. घारापुरीला मोराबंदरच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात विटांचं जुनं बांधकाम आणि रोमन मद्यकुंभांची खापरं मिळाली. गुजरातेत बेट द्वारकेचा किनारा लाटांनी कापला जातोय. कापलेल्या काठात थर उघडे पडतात, म्हणून जागा सापडते. पण पुढच्या पावसाळ्यात तेच थर वाहून जातात. ओहोटीच्या मोजक्या तासांत थापीने छेद साफ करायचा, मोजपट्टी लावून फोटो घ्यायचा, थर रेखाटायचे, जीपीएसची नोंद करायची आणि खापरं थरानुसार वेगळ्या पिशव्यांत भरायची. पिशवीतली चिठ्ठी चुकली, तर ते खापर कुठल्या काळाचं हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. चिकाटी नसलेल्याने इकडे येऊ नये, हे स्पष्ट सांगतो.

शिक्षणाची वाट घरापासूनच सुरू होते. केगावच्या आपल्या विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व हा विभाग आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कुठल्याही शाखेच्या पदवीधराला एम.ए. करता येतं. माझं मत विचाराल तर पदवी भूशास्त्राची घ्यावी. धूप, गाळ, समुद्राची बदलती पातळी समजणारे पुरातत्त्वज्ञ कमी आहेत. एम.ए.नंतर ग्रेटर नोएडात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संस्थेत दोन वर्षांची पदविका आहे. सागरी पुरातत्त्वाचं मोठं केंद्र गोव्यात, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. तिथेही सगळेच पाण्याखाली उतरत नाहीत, पण पोहणं आलंच पाहिजे.

आता नोकरी. सर्वेक्षण, राज्याचा पुरातत्त्व विभाग, संग्रहालयं, नेट होऊन प्राध्यापकी, एवढी दारं आहेत. जागा थोड्या आणि जाहिराती उशिरा निघतात. मधल्या काळात प्रकल्पांवर ठरावीक मुदतीची कामं करावी लागतात. म्हणून जीआयएस, ड्रोन-सर्वेक्षण यांपैकी एक कौशल्य पदवीच्या काळातच शिकून घ्यावं. ते इतर क्षेत्रांतही पोट भरतं.

एम.ए. होताच कायम नोकरी हवी, असा घरचा हट्ट असेल तर ही वाट धरू नका. पाच-सात वर्षं मुलीच्या पाठीशी उभं राहता येत असेल, तर तिला अडवू नका.