जुना संगणक, मुक्त कार्यप्रणाली आणि आपली अभ्यासिका



१४ ऑक्टोबर ही तारीख आपल्यापैकी कुणालाही सांगावी लागत नाही. १९५६ साली याच दिवशी नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. योगायोग असा की, २०२५ सालच्या १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार थांबवला. दोन घटनांची तुलना करण्याचा हेतू अर्थातच नाही. परंतु दुसऱ्या घटनेचा फटका आपल्या अभ्यासिकेला बसला, म्हणून हा पाठ लिहीत आहे.

अभ्यासिकेत देणगीत आलेले तीन संगणक आहेत. तिन्ही दहा वर्षांहून जुने. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. आपल्या यंत्रांत ती नाही. तेव्हा संगणक मोडीत काढावेत, अशी सूचना बैठकीत आली. भंगारवाला तिन्हींचे मिळून जे देत होता, त्यात एका मुलाच्या परीक्षेची फीसुद्धा निघाली नसती.

दुसरी अडचण अधिक लाजिरवाणी होती. या संगणकांवरील विंडोज परवान्याची नव्हती. कुणीतरी दुरुस्तीच्या वेळी ती तशीच टाकून दिली होती. पंचशील ग्रहण करताना, न दिलेली वस्तू घेणार नाही, असे आपण म्हणतो. भिंतीवर तथागतांची तसबीर आणि तिच्याखाली न दिलेली प्रणाली, हे बरे नव्हे. दोन्ही अडचणींवरचा उपाय म्हणजे लिनक्स.

लिनक्स म्हणजे काय?

संगणकाची यंत्रसामग्री आणि आपण वापरतो ते प्रोग्राम यांच्यामध्ये राहून सगळा कारभार पाहणारी व्यवस्था म्हणजे कार्यप्रणाली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. प्रणाली कुणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता यावी, हा त्यामागचा विचार. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स याने हप्त्यांवर घेतलेल्या ३८६ संगणकावर एका प्रणालीचा गाभा लिहिला. तोच लिनक्स. १९९२ मध्ये त्याने तो ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणला. म्हणजे ही प्रणाली 'दिलेली' आहे. ती घेण्यात दोष नाही, पुढे देण्यात तर नाहीच. तिचा मजकूर उघडा असल्याने जाणकार माणूस ती स्वतः तपासू शकतो. 'या आणि पाहा' असे सांगणाऱ्या धम्माच्या अनुयायांना ही गोष्ट परकी वाटू नये.

केरळ राज्याने २००१ मध्ये सुरू केलेल्या शालेय संगणक प्रकल्पात पुढे मुक्त प्रणालीच स्वीकारली. आपल्या देशातील सी-डॅक संस्थेनेही 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली तयार केली आहे.

संगणक मंद का होतो?

मी बँकेत कारकून आहे, म्हणून तिथलाच दाखला देतो. रॅम म्हणजे माझ्यासमोरचे टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे मागची रेकॉर्ड रूम. टेबल लहान आणि कागद जास्त झाले की प्रत्येक कामाला उठून मागे जावे लागते, आणि रांग तुंबते. जुन्या संगणकाचे असेच होते. रॅम भरली की तो काही मजकूर डिस्कवर ठेवू लागतो, आणि फिरत्या चकतीची डिस्क रॅमच्या मानाने फारच सावकाश चालते. हलक्या लिनक्स प्रणाली स्वतः टेबलावर कमी जागा अडवतात, एवढेच त्यांचे रहस्य. मात्र सर्वांत जास्त जागा ब्राउझर अडवतो. म्हणून एका वेळी दोन-तीनच पाने उघडी ठेवावीत. शक्य असल्यास जुनी डिस्क काढून एसएसडी बसवावी. त्या खर्चाइतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

कोणत्या यंत्राला कोणती प्रणाली?

आधी दोन गोष्टी पाहाव्यात : रॅम किती, आणि प्रोसेसर ६४ बिटचा की ३२ बिटचा. ४ जीबी रॅम व ६४ बिट असल्यास लिनक्स मिंटची 'एक्सएफसीई' आवृत्ती घ्यावी. विंडोजची सवय असणाऱ्याला ती लगेच जमते. २ जीबीच्या आसपास असल्यास लुबंटू किंवा अँटीएक्स. ३२ बिटच्या यंत्रांना आता पर्याय कमी उरले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी स्थापना-प्रत नाही, आणि फायरफॉक्सनेही २०२५ च्या अखेरीस ३२ बिट लिनक्ससाठी नव्या आवृत्त्या थांबवल्या. डेबियन १२ वर आधारलेल्या अँटीएक्स २३ ची ३२ बिट प्रत मात्र आहे. आपले दोन संगणक पहिल्या प्रकारात बसले. तिसरा १ जीबीचा आणि ३२ बिटचा. त्याला इंटरनेट न जोडता केवळ टंकलेखन आणि वाचनासाठी ठेवला आहे.

कृती

१. संगणकातील सर्व कागदपत्रे, फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवावेत आणि ते तिथे उघडतात याची खात्री करावी.

२. प्रणालीची फाइल तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. तिथे दिलेल्या पडताळणी-क्रमांकाशी ती ताडून पाहावी.

३. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ती 'रुफस' किंवा 'एचर' या प्रोग्रामने चढवावी. साधी कॉपी करून चालत नाही. पेन ड्राइव्हवरील आधीचा मजकूर पुसला जातो, हे लक्षात ठेवावे.

४. संगणक सुरू होताना एफ-१२, एफ-२ किंवा एस्केप यांपैकी त्या यंत्राची जी कळ असेल ती दाबून पेन ड्राइव्हवरून सुरुवात करावी.

५. लगेच स्थापना करू नये. प्रणाली पेन ड्राइव्हवरूनच तात्पुरती चालवून वाय-फाय, आवाज, छपाई तपासावी. या अवस्थेत तुम्ही स्वतःहून काही बदल केल्याशिवाय डिस्कवरील मजकुराला धक्का लागत नाही.

६. सर्व ठीक असेल तरच स्थापना करावी. त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या घ्याव्यात आणि मराठी इनस्क्रिप्ट कळफलक जोडावा. लिब्रेऑफिस मराठीतूनही वापरता येते.

एक बारीक गोष्ट. जुना संगणक दर वेळी चुकीची तारीख दाखवत असेल, तर आतली सीआर २०३२ ही नाण्यासारखी बॅटरी बहुधा संपलेली असते. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, आणि आपण उगाच इंटरनेटला दोष देत बसतो.

माझ्या हातून झालेली चूक

पहिली पायरी मी पहिल्या क्रमांकावर का लिहिली, ते सांगितले पाहिजे. पहिला संगणक तयार करताना मी ती वगळली. 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय दिसला, आणि यात जुन्या प्रश्नपत्रिकांखेरीज काय असणार, अशा समजुतीने मी होकार दिला. दुसऱ्या दिवशी बारावीतली एक मुलगी विचारत आली, "काका, आजींची फाइल कुठे गेली?"

वस्तीतील एका आजींनी लहानपणी आईवडिलांबरोबर दीक्षेसाठी केलेला नागपूरचा प्रवास सांगितला होता. तो तिने महिनाभर बसून टाइप केला होता, आणि त्याची दुसरी प्रत नव्हती. मी आजींकडे जाऊन माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी पुन्हा सांगितले आणि मुलीने पुन्हा लिहिले. परंतु पहिल्या खेपेस आठवलेली वाटेतल्या दोन मुक्कामांच्या गावांची नावे या खेपेस त्यांना आठवली नाहीत. ती आता कुणालाच कळणार नाहीत. प्रणाली फुकट मिळते, पुन्हा टाकता येते. माणसाची आठवण पुन्हा टाकता येत नाही. आता त्या लेखाच्या तीन प्रती तीन ठिकाणी आहेत.

मर्यादा

लिनक्सवर सगळेच होते असे नाही. विंडोजसाठी केलेले हिशेबाचे व छपाईच्या मांडणीचे काही प्रोग्राम चालत नाहीत. काही जुने प्रिंटर आणि डिजिटल सहीची उपकरणे त्रास देतात. युनिकोडपूर्व मराठी फाँटमधील मजकूर तो फाँट नसेल तर वाचता येत नाही. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. आपल्या जुन्या स्मरणिकांच्या फाइलींचे हे काम अजून बाकी आहे.

पण शिष्यवृत्तीचा अर्ज, स्पर्धा परीक्षेचे वाचन, मराठी लेखन आणि ग्रंथालयाची नोंद एवढी कामे दोन संगणकांवर रोज होत आहेत. विद्यार्थी मित्रांनो, रविवारी सकाळी वंदनेनंतर अभ्यासिकेत या. घरी जुना संगणक पडून असेल तर घेऊन या. शिकलेल्याने आणखी एकाला शिकवावे, इतकीच फी आहे. आणि येताना कागदपत्रांची प्रत काढून आणायला विसरू नका.

जय भीम!