चुंबकाचं पॅकेज घेण्याआधी

कानात येणाऱ्या आवाजावर मी एका क्लिनिकमध्ये डोक्यावर चुंबकीय कॉईल धरण्याचा उपचार घेतला. त्यातलं मशीन खोटं नव्हतं, हे आधीच सांगतो. नाहीतर लगेच कुणीतरी म्हणेल, म्हातारा चिडलाय म्हणून बोलतोय. डिप्रेशनसाठी अमेरिकेच्या एफडीएने या उपचाराला २००८ मध्येच परवानगी दिली आहे. कानातल्या आवाजासाठी दिलेली नाही. क्लिनिकच्या भिंतीवर 'एफडीए मान्यताप्राप्त' अशी मोठी फ्रेम होती. मान्यता कशासाठी, ते मात्र फ्रेममध्ये नव्हतं.

काउन्सेलर बाई फार गोड बोलायच्या. "काका, बहुतेक सगळ्यांना फरक पडतो." कुठल्या सगळ्यांना? पुढे मुलीने शोधून वाचून दाखवलं. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या २०१५ च्या चाचणीत खरा उपचार घेतलेल्या ५६ टक्के लोकांना फरक पडला, आणि नुसत्या खोट्या कॉईलखाली बसलेल्या २२ टक्के लोकांनाही पडला. २०१७ साली जर्मनीत बऱ्याच केंद्रांत मिळून मोठी चाचणी झाली, तिच्यात खऱ्या-खोट्यात काही अंतरच निघालं नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१४ मध्येच सांगितलं होतं की हा उपचार सरसकट देऊ नका. हे सगळं बाईंना माहीत नसेल, असं मी मानायला तयार नाही.

पहिल्या दिवशी आठच्या आकड्यासारखी कॉईल डोक्यावर धरून अंगठा कधी उडतो ते बघतात, त्यावरून जोर ठरतो. इथवर ठीक. मग कानाच्या वर कॉईल आली आणि टकटक सुरू झाली. जबडा आपोआप उडायचा आणि आवाज तर असा, की पत्र्यावर कुणी हातोडी मारतंय. मी इअरप्लग मागितले. टेक्निशियन म्हणाला, "काका, एवढ्याने काही होत नाही." अरे, मी कानासाठीच आलोय ना! या मशीनखाली कानात प्लग हवेतच. ते त्यांनी द्यावेत, आपण मागायची वेळ येऊ नये. नाहीच दिले तर उठून यावं.

खरा प्रकार कळला तो शेवटच्या फॉर्मच्या वेळी. कानातल्या आवाजाचा किती त्रास होतो, हे मोजायला त्यात पंचवीस प्रश्न असतात. 'हो'ला चार गुण, 'कधीकधी'ला दोन, 'नाही'ला शून्य. सुरुवातीला तो मी स्वतः भरला होता. या वेळी टेक्निशियनच वाचत होता, तेही कसं, "झोप आता बरी लागते ना, काका?" आवाजामुळे झोप लागायला त्रास होतो का, असा तो प्रश्न. मी म्हटलं, "कधीकधी त्रास होतो." त्याचं पेन 'नाही'वर गेलं. मी डोळ्यांनी बघितलं. "परत वाचा," म्हटलं, तर हसला. फाइलवर 'लक्षणीय सुधारणा' असा शेरा पडला आणि मला मेंटेनन्सची नवी सेशन्स गळ्यात मारायला बाई हजर! डॉक्टर उभ्याउभ्या म्हणाले, "तुम्ही त्या आवाजाकडे फार लक्ष देता."

तेव्हा फॉर्म स्वतःच्या हाताने भरा आणि दोन्ही वेळच्या फॉर्मची झेरॉक्स घ्या. आधी ऑडिओमेट्री करा. माझी नोकरी प्रेस शॉपमधली, वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी झालंय, हे एका साध्या तपासणीत निघालं. आता हिअरिंग एडने दिवसा तरी बरं वाटतं. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर क्लिनिकच्या नादी न लागता थेट ईएनटीकडे जा. मशीनखाली बसण्याआधी, पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, डोक्यात धातू असेल किंवा कधी फिट आलेली असेल तर न विचारताही सांगा. मला फिटबद्दल कुणी विचारलंच नाही. त्रास कमी होण्यासाठी सीबीटी या समुपदेशनाला सगळ्यात भक्कम आधार आहे. ते करणारा माणूस मिळणं अवघड, पण शोधा. बाकी व्यायाम करा, मन रमवा, चहा सोडा, हे सगळेच सांगतात. मी चहा सोडून पाहिला. आवाज तसाच, वर चिडचिड.

आणि पैसे सेशनप्रमाणे द्या, पॅकेजचे आगाऊ देऊ नका. मी सोडलेल्या सेशन्सचे पैसे परत मागितले तर 'पॉलिसीत बसत नाही' म्हणाले. पावतीवर उपचाराचं नाव आणि आजार, दोन्ही लिहून घ्या. माझ्या पावतीवर नुसतं 'थेरपी' आहे, त्यामुळे तक्रार कशाची करायची तेही त्या कागदावरून सांगता येत नाही.