लसणातील गंधक संयुगे : औषधी गुण आणि त्यांच्या मर्यादा

लसूण ही भारतीय स्वयंपाकघरातील नित्य परिचयाची वस्तू होय. फोडणी, चटणी, ठेचा अथवा लोणचे, लसणावाचून यांपैकी अनेक पदार्थ फिके वाटतात. मध्य प्रदेश हे लसणाच्या उत्पादनात देशातील अग्रेसर राज्य असून माळव्यातील मंदसौर व नीमच येथील बाजारपेठा या मालासाठी विशेष प्रसिद्ध आहेत. तथापि लसणाची ख्याती केवळ चवीपुरती नाही. षड्‍रसांपैकी आम्ल वगळून उरलेले पाचही रस तीत असल्याने संस्कृतात तिला ‘रसोन’ म्हटले जाते, अशी परंपरागत व्युत्पत्ती आहे. १८९० साली मध्य आशियातील कुचा येथे सापडलेल्या, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या ‘बॉवर हस्तलिखिता’तही लसणाच्या औषधी उपयोगांचे सविस्तर वर्णन आहे. या जुन्या श्रद्धेला आधुनिक रसायनशास्त्राने कितपत दुजोरा दिला आहे, हे पाहणे उद्‍बोधक ठरेल.

वासाचे रहस्य

अखंड पाकळीला उग्र वास नसतो. ती ठेचताच वास दरवळतो. याचे कारण पाकळीच्या अंतर्रचनेत आहे. ‘अ‍ॅलिइन’ नावाचे गंधकयुक्त, वासरहित द्रव्य आणि ‘अ‍ॅलिनेज’ नावाचे विकर ही दोन्ही पाकळीत असतात, परंतु वेगवेगळ्या कप्प्यांत. पाकळी चिरली किंवा ठेचली की कप्पे फुटतात, दोन्ही द्रव्ये एकत्र येतात आणि काही क्षणांतच ‘अ‍ॅलिसिन’ तयार होते. वनस्पतीच्या दृष्टीने ही किडींपासून व बुरशीपासून संरक्षणाची योजना होय.

लसणातून अ‍ॅलिसिन वेगळे करण्याचे श्रेय अमेरिकेतील चेस्टर कॅव्हॅलिटो व जॉन बेली यांच्याकडे जाते. १९४४ साली त्यांनी हे कार्य केले व त्याची जंतुनाशक शक्ती दाखवून दिली. पुढे स्वित्झर्लंडमधील आर्थर स्टोल आणि एवाल्ड सीबेक यांनी अ‍ॅलिइनचा शोध लावून या प्रक्रियेचा उलगडा केला. मात्र अ‍ॅलिसिन फार अस्थिर असते. त्याचे विघटन होऊन इतर गंधक संयुगे बनतात. त्यांपैकी ‘अहोईन’ या संयुगाचे वर्णन १९८४ साली प्रसिद्ध झाले. लसणाच्या ‘आहो’ या स्पॅनिश नावावरून ते ठेवण्यात आले. रक्तातील बिंबिका एकमेकींस चिकटून गुठळी होण्याच्या क्रियेस ते अटकाव करते.

प्रयोगशाळा आणि रुग्ण

प्रयोगशाळेतील काचपात्रात अ‍ॅलिसिन अनेक जिवाणूंची व बुरशीची वाढ रोखते, हे निर्विवाद आहे. परंतु काचपात्र आणि मानवी शरीर यांत मोठे अंतर आहे. लसूण खाल्ल्यानंतर अ‍ॅलिसिन त्या स्वरूपात रक्तात आढळत नाही; शरीरात त्याचे झपाट्याने रूपांतर होते. म्हणून क्षयासारख्या संसर्गजन्य रोगांवर लसूण हा प्रतिजैविक औषधांचा पर्याय ठरू शकत नाही. कोविडच्या साथीत, २०२० साली, लसणामुळे या रोगापासून संरक्षण मिळते असा पुरावा नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेनेही स्पष्ट केले होते.

रक्तदाबाच्या बाबतीत चित्र काहीसे आशादायक आहे. लसणातील संयुगांपासून तांबड्या रक्तपेशी अल्प प्रमाणात हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण करतात व त्यामुळे रक्तवाहिन्या शिथिल होतात, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. ज्यांचा रक्तदाब मुळातच वाढलेला आहे, अशांमध्ये तो काही अंशी उतरल्याचेही अनेक चाचण्यांच्या एकत्रित पाहणीत आढळते. परंतु यांतील बहुतेक चाचण्या लहान होत्या.

कोलेस्टेरॉलविषयीची समजूत मात्र कसोटीस उतरली नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९२ व्यक्तींना सहा महिने कच्चा लसूण, लसणाच्या दोन प्रकारच्या गोळ्या अथवा औषधविरहित गोळ्या देण्यात आल्या. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार घातक कोलेस्टेरॉलमध्ये कोणत्याही गटात लक्षणीय घट झाली नाही. चीनमधील शांडोंग प्रांतात ३,३६५ लोकांवरील दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यात लसणाचा अर्क घेणाऱ्यांमध्ये जठराच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी आढळले. तथापि रोग होण्याच्या प्रमाणातील घट निर्णायक ठरली नाही. हा प्रश्न अद्याप अभ्यासाचाच आहे.

सावधगिरी आवश्यक

जे द्रव्य गुणकारी असते, ते अपायकारकही ठरू शकते. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी लसणाच्या गोळ्या वा अर्क डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत. शस्त्रक्रिया ठरली असल्यास अशा गोळ्या निदान सात दिवस आधी थांबवाव्यात. एच.आय.व्ही.वरील सॅक्विनाविर या औषधाचे रक्तातील प्रमाण लसणाच्या गोळ्यांमुळे सुमारे निम्म्यावर आल्याचे एका अभ्यासात दिसले होते. कच्चा लसूण वाटून त्याचा लेप त्वचेवर फार वेळ ठेवल्यास भाजल्यासारखे फोड येतात. लहान मुलांच्या बाबतीत हा प्रयोग मुळीच करू नये.

तेलात बुडवून ठेवलेल्या लसणाविषयीही दक्षता हवी. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे शीतकपाटाबाहेर ठेवलेल्या अशा लसणामुळे ३६ जणांना बोटुलिझम ही गंभीर विषबाधा झाली. तेलाखाली हवा पोहोचत नसल्याने या रोगाचे जंतू तेथे वाढतात. लोणच्यात मीठ व आंबटपणा पुरेसा असल्यास त्यांची वाढ रोखली जाते. परंतु नुसत्या तेलातील लसूण शीतकपाटात ठेवून थोड्याच दिवसांत संपवावा.

गृहिणींसाठी

उष्णतेने अ‍ॅलिनेज निष्क्रिय होते. अखंड पाकळी थेट कढत तेलात टाकल्यास अ‍ॅलिसिन फारसे तयारच होत नाही. लसूण आधी ठेचून दहा मिनिटे तसाच ठेवावा व मग फोडणीस टाकावा. म्हणजे गंधक संयुगे अधिक प्रमाणात टिकतात. खलबत्त्यात लसूण ठेचण्याची जुनी पद्धत या दृष्टीने शास्त्रशुद्धच म्हणावी लागेल.

सारांश, लसूण हा उत्तम आहार आहे. त्याला औषधाची जागा देणे मात्र इष्ट नव्हे. रोज दोन पाकळ्या खाणाऱ्याने रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केल्यास त्याचे परिणाम गंभीर होऊ शकतात, कारण वाढलेला रक्तदाब बहुधा कोणतीही पूर्वसूचना देत नाही. ताटात लसूण जरूर असावा, परंतु औषधात बदल करायचा झाल्यास तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा, यातच सर्वांचे हित आहे.