पाय टेपनं मोजला, त्रास कशानं मोजायचा?

प्रश्न : माझ्या आईला हत्तीरोग होऊन बरीच वर्षं झाली. मागच्या तपासणीला आधी टेपनं तिच्या पायाचा घेर मोजला. मग एका मुलीनं छापील कागद काढला आणि विचारायला सुरुवात केली, ‘गेल्या तीस दिवसांत अर्धा तास उभं राहायला किती त्रास झाला? अनोळखी माणसांशी वागताना? सणासमारंभाला जाताना?’ आई प्रत्येक वेळी ‘चालतंय बाई’ म्हणत होती आणि ती मुलगी आकडे लिहीत होती. सूज मोजणं समजू शकतं. पण त्रासाला गुण कसे देतात? ते खरे कशावरून मानायचे? आणि आईला त्याचा उपयोग काय?
– एक वाचक, जि. चंद्रपूर

उत्तर : आधी टेपकडे पाहू, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे.

हत्तीरोगाचा जंत धाग्याएवढा बारीक असतो. क्युलेक्स डासातून तो माणसात शिरतो आणि लसिकावाहिन्यांत ठाण मांडतो. मोठा झालेला जंत साधारण सहा ते आठ वर्षं जगतो. तेवढ्या काळात वाहिन्या रुंदावतात, निकामी होतात, पाणी खालीच साठू लागतं. पुढे जंत मेले, रक्ताची तपासणी निर्दोष आली, तरी पाय पूर्वीसारखा होत नाही. म्हणजे जंत संपले पण आजार संपला नाही, अशी ही अवस्था. अशा माणसाचं बरं चाललंय की नाही, हे रक्ताचा थेंब सांगू शकत नाही. दुसरं काहीतरी मोजावं लागतं.

पहिलं मोजमाप अर्थातच पायाचं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात काम करणाऱ्या डॉ. जेरुसा ड्रेयर यांनी आखलेल्या सात पायऱ्या त्यासाठी जगभर वापरतात. पहिल्या पायरीत सूज रात्रभरात उतरते, दुसरीत उतरत नाही. तिसरीत कातडीला उथळ घड्या पडतात, चौथीत गाठी येतात, पाचवीत घड्या खोल होतात, सहावीत शेवाळासारखे कोंब दिसू लागतात. आणि सातवी? रोजची कामं स्वतःची स्वतः करता येत नाहीत, ती सातवी पायरी. गंमत पाहा, सहा पायऱ्या पायाकडे बघून ठरतात. सातवी मात्र माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. पाय मोजणाऱ्या मापालाही शेवटी जगण्याकडे वळावंच लागलं.

ते विचारणं सातवीपर्यंत कशाला थांबवायचं, हाच प्रश्नावल्यांमागचा विचार. तिसऱ्या पायरीवरच्या, पायाचा घेरही सारखाच असलेल्या दोन बायका घ्या. एकीचं किराणा दुकान आहे, ती गल्ल्यावर बसते. दुसरी रोवणीच्या दिवसांत मजुरीनं बांधीत उतरते, दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून उभी असते. बोटांच्या बेचक्यातली कातडी चिरली की जंतुसंसर्ग होतो, पाय लालबुंद होतो, हुडहुडी भरून ताप येतो आणि चार-पाच दिवसांची मजुरी बुडते. टेपवर दोघींचा आकडा एकच. त्या तापाचा आणि बुडालेल्या मजुरीचा टेपला पत्ताही नसतो.

आता गुण कसे देतात ते. तुम्ही सांगितलेल्या प्रश्नांवरून ती प्रश्नावली ‘हूडास २.०’ असावी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली तिची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ३६ प्रश्नांची लांब आणि १२ प्रश्नांची छोटी अशा तिच्या दोन आवृत्त्या प्रामुख्यानं वापरतात. समजणं, हिंडणंफिरणं, स्वतःची निगा, लोकांत मिसळणं, घरची आणि बाहेरची कामं, समाजातला सहभाग अशी सहा अंगं त्यात तपासतात. प्रत्येक प्रश्नाला ‘काहीच त्रास नाही’पासून ‘अतिशय त्रास किंवा जमतच नाही’पर्यंत पाच उत्तरं. बेरीज करून ती ० ते १०० मध्ये बसवतात. शून्य म्हणजे अडचण नाही, शंभर म्हणजे पूर्ण अडलेलं जगणं. शेवटी आणखी एक साधा प्रश्न असतो : गेल्या तीस दिवसांत किती दिवस नेहमीची कामं अजिबात करता आली नाहीत? रोवणीतल्या बाईचा ताप इथे पहिल्यांदा कागदावर उतरतो.

ही प्रश्नावली कुठल्याही आजारात चालते. दुसरी एक खास त्वचेच्या आजारांसाठी आहे. वेल्समधल्या कार्डिफ इथे फिनले आणि खान यांनी १९९४ मध्ये ती तयार केली. ‘डीएलक्यूआय’ म्हणून ती ओळखली जाते. दहा प्रश्न, फक्त मागच्या आठवड्याबद्दल. खाज, वेदना, लाज, कपड्यांची निवड, खरेदी, खेळ, नोकरी, जोडीदाराशी संबंध, उपचारांची कटकट. एकूण गुण ३०. दहाच्या वर गेले की आजारानं जगण्यावर फार मोठा परिणाम केला असं धरतात. सुटसुटीत असल्यामुळे हत्तीरोगातही ती बरीच वापरली गेली.

पण आपल्याकडे ती कुठे अडखळते ते पाहा. ‘खेळ खेळताना त्रास होतो का?’ या प्रश्नाला साठीची शेतमजूर बाई काय सांगणार? ‘लागू नाही’ अशी खूण होते. ‘लागू नाही’ला गुण शून्य, म्हणजे ‘त्रास नाही’ एवढेच. जिच्या आयुष्यात मुळातच कमी गोष्टी आहेत, तिचा त्रास कागदावर कमी दिसतो! शिवाय मुदत एका आठवड्याची. ताप मागच्या महिन्यात येऊन गेला असेल तर तो हिशेबातून सुटला.

म्हणून केरळातल्या कासारगोड इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजी या संस्थेनं खास हत्तीरोगासाठी वेगळी प्रश्नावली बांधली. हत्तीपायाच्या रुग्णांसोबत वर्षानुवर्षं काम करणारी ही संस्था आहे. आपली प्रश्नावली, हूडास आणि डीएलक्यूआय या तिन्ही त्यांनी एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि २०१४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच रुग्णाला तीन मापं लावून पाहण्याचा हेतू हाच, की कुठलं माप काय टिपतं आणि काय सोडतं ते कळावं.

हे गुण खरे कशावरून मानायचे? प्रश्नावली वापरात येण्याआधी तिचीच परीक्षा होते. आजारात फरक पडलेला नसताना त्याच माणसाला थोड्या दिवसांनी परत विचारलं तर गुण जवळपास तेच यावेत. वरच्या पायरीवरच्या रुग्णांचे गुण एकूणात खालच्या पायरीपेक्षा जास्त असावेत. उपचारानं आराम पडला तर ते हलावेत. या कसोट्यांवर उतरली तरच ती विश्वासाची.

तरी तुमच्या आईचं ‘चालतंय बाई’ उरतंच. त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, संकोच. मुलगा शेजारी बसलेला, प्रश्न अनोळखी मुलीचे. अशा वेळी लाजेबद्दल, नवराबायकोच्या संबंधांबद्दल कोण खरं बोलेल? म्हणून जाणकार मुलाखतकार घरच्यांना थोडा वेळ बाहेर थांबायला सांगतात. दुसरा अर्थ जास्त खोल आहे. माणूस आजाराशी जुळवून घेतो, अपेक्षांची मांडणी बदलतो. आल्ब्रेख्त आणि डेव्हलीगर या अभ्यासकांनी १९९९ मध्ये गंभीर अपंगत्व असलेल्या लोकांशी बोलून दाखवलं, की त्यांतले निम्म्याहून अधिक जण आपलं जगणं चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगतात. बाहेरच्यांना हे खरं वाटत नाही, पण ती फसवणूक नसते.

यामुळेच अपंगत्व आणि जीवनमान या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात. ‘एक किलोमीटर चालायला किती त्रास होतो?’ हा अपंगत्वाचा प्रश्न. ‘आपल्या जगण्याबद्दल किती समाधान वाटतं?’ हा जीवनमानाचा. पहिल्यात वाईट गुण आणि दुसऱ्यात चांगले असं सहज होऊ शकतं. समाधानी आहे म्हणून मदतीची गरज नाही, असा अर्थ कुणी काढला तर चूक माणसाची, मापाची नव्हे.

तिसराही एक आकडा आहे, आणि तो रुग्णाला न विचारताच ठरतो. जगभरातल्या आजारांचं ओझं एकाच एककात मांडण्यासाठी, अकाली मृत्यूनं आणि अपंगत्वानं गमावलेली वर्षं एकत्र मोजण्याची पद्धत १९९० च्या दशकात रूढ झाली. तिला ‘डॅली’ म्हणतात. त्यासाठी प्रत्येक आजाराला ० ते १ मध्ये वजन देतात. २०१० सालच्या जागतिक अभ्यासात बांगलादेश, इंडोनेशिया, पेरू, टांझानिया इथे घरोघरी, अमेरिकेत फोनवर आणि शिवाय इंटरनेटवरून सर्वसामान्य लोकांना दोन काल्पनिक माणसांची वर्णनं ऐकवून ‘यांत जास्त निरोगी कोण?’ असं विचारलं. हत्तीरोगाच्या वाट्याला वजन आलं सुमारे ०.११. या हिशेबानं सुजलेल्या पायानिशी काढलेली दहा वर्षं म्हणजे निरोगी आयुष्यातलं जेमतेम एक वर्ष गमावलं! वर्णनात सुजलेले पाय, जाड कातडी आणि हिंडण्याफिरण्याची अडचण होती. मोडलेलं लग्न नव्हतं, एसटीत शेजारची रिकामी राहणारी जागा नव्हती. २०१५ मध्ये काही संशोधकांनी रुग्णांच्या नैराश्याचा वेगळा हिशेब मांडला, तेव्हा ते ओझं शरीराच्या ओझ्याहूनही जास्त भरलं. आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या घरच्यांचं नैराश्यही त्यांनी मोजलं.

लोकांच्या नजरेचा त्रास मोजायची एक पद्धत मुंबईत जन्मली, हे आपल्याकडे फारसं ठाऊक नाही. मिचेल वाइस आणि त्यांच्या मुंबईतल्या सहकाऱ्यांनी इथल्या कुष्ठरुग्णांच्या मुलाखतींतून ‘एमिक’ ही पद्धत घडवली आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. आजार लपवता का, त्यामुळे घरातलं लग्न अडलं का, लोक टाळतात का, असे प्रश्न त्यातून पुढे आले. त्यावरून केलेली मोजपट्टी आज अनेक देशांत, अनेक आजारांसाठी वापरतात. भारत, नेपाळ आणि ब्राझीलमध्ये तयार झालेली १८ प्रश्नांची सहभाग मोजपट्टीही अशीच. ती विचारते, तुमच्यासारख्या इतरांना जे करता येतं ते तुम्हाला करता येतं का? तुलना बरोबरीच्या माणसांशी असल्यामुळे गरिबीची अडचण आजाराच्या खात्यावर चढत नाही.

राहिला उपयोग. ओडिशातल्या खोर्धा जिल्ह्यात हत्तीपायाच्या रुग्णांना घरच्या घरी निगा शिकवली : पाय रोज साबणानं धुणं, बेचकी कोरडी करणं, चिरांना मलम, पाय उंच ठेवणं, व्यायाम, पायात चप्पल. हूडासनं मोजलं तेव्हा त्यांचं जाणवणारं अपंगत्व घटलेलं दिसलं, कामाचे बुडणारे दिवसही कमी झाले. दक्षिण अमेरिकेतल्या गयानामध्ये डीएलक्यूआयनं असाच फरक दाखवला. पाय बारीक होत नाही म्हणून साबण-पाण्याचं काम कुचकामी, असं टेप एकटा असता तर वाटलं असतं. ते काम चालू ठेवायला हवं, हे प्रश्नावलीनं पटवलं. गावोगाव जंतांवरच्या गोळ्या देण्याच्या मोहिमेनं नवी लागण थांबते. ज्यांचा पाय आधीच सुजला आहे त्यांच्यासाठी पैसा मागताना हाच पुरावा लागतो.

एक खबरदारी. या गुणांचा दिव्यांग प्रमाणपत्रावरच्या टक्केवारीशी संबंध नाही. ती टक्केवारी डॉक्टर शासकीय निकषांवर वेगळी ठरवतात. त्यामुळे आईनं त्रास मोकळेपणानं सांगितला तर काही बिघडत नाही, आणि फुगवून सांगितला तर काही पदरात पडत नाही.

पुढच्या वेळी ती मुलगी आली की तुम्ही अंगणात जाऊन बसा. ताप कधी आला, किती दिवस मजुरी बुडाली, कुठल्या लग्नाला, कुठल्या मंडईला जायचं टाळलं, हे आईला आधी आठवून ठेवायला सांगा. मागचे गुण किती होते आणि आता किती, हे तुम्हीही विचारा. ते वाढले असतील तर आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात टब, मग, टॉवेल, मलम असलेलं निगेचं किट मागा आणि पाय धुण्याची पद्धत परत शिकून घ्या. आकडा लिहून घेणाऱ्यानं त्यावर काही करायला हवं, असं म्हणायचा हक्क उत्तर देणाऱ्याला असतोच.