पाणी की पोषण?

प्रश्न : जव्हार तालुक्यातल्या दाभोशाच्या एका वाचकाला विकास अभ्यासात पदव्युत्तर पदवी घ्यायची आहे. विशेष विषय कोणता निवडावा?

उत्तर : विषयाचं नाव नंतर, आधी प्रश्न निवडावा. जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो कोसळतो, पण पाणी उतारावरून वाहून जातं आणि उन्हाळ्यात हंडे घेऊन पायपीट सुरू होते. हे अस्वस्थ करत असेल, तर आयआयटी मुंबईचा तंत्रज्ञान व विकास हा एम.टेक. अभ्यासक्रम पाहावा.

दुसरा प्रश्न पोषणाचा. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली. त्यामागे नुसती रिकामी ताटं नव्हती; रोजगार, रस्ते, दवाखाना, सगळंच अपुरं होतं. इकडे ओढ असणाऱ्याने सार्वजनिक आरोग्य निवडावं. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था त्यासाठी उत्तम.

संख्याशास्त्र मात्र दोन्हीकडे मन लावून शिकावं. अर्जापूर्वी क्षेत्रकार्य किती आठवडे, हे जरूर विचारावं.