सेल्फ मारायची घाई नको

मध्यम पातळी : वाचन आणि संवाद

वाचण्यापूर्वी हे शब्द पाहा

वंगण – यंत्राचे भाग एकमेकांवर घासू नयेत म्हणून घातलेले तेल किंवा ग्रीस
गंज – ओलाव्यामुळे लोखंडावर चढणारा तांबूस थर
पाना – नट फिरवण्याचे हत्यार
जाम होणे – अडकून बसणे, न हलणे
सेल्फ मारणे – किल्ली फिरवून स्टार्टरने इंजिन फिरवणे (बोली भाषेत)

पाठ

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी तुम्ही जुन्या चित्रपटांत पाहिली असेल. ती गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. मूळ गाडी इटलीची, फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी ती बनवत असे. १९७०च्या दशकात तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले, पण बरेच लोक तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईत पद्मिनी टॅक्सीचा काळ संपला. तरी काही घरांच्या अंगणात किंवा शेडमध्ये पद्मिनी अजून उभी असते. कोणाची दहा वर्षे, कोणाची वीस वर्षे.

अशी गाडी पुन्हा चालू होते का? अनेकदा होते. पण सुरुवातीलाच घाई केली, तर वाचू शकणारे इंजिनही कायमचे बिघडते.

उभ्या गाडीचे काय होते?

पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे आहे. त्यात चार सिलिंडर असतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये एक पिस्टन वर-खाली होतो. पिस्टनभोवती रिंगा असतात आणि त्या सिलिंडरच्या भिंतीला टेकलेल्या असतात. गाडी रोज चालते, तेव्हा रिंगा आणि भिंत यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर राहतो. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली, की हे तेल खाली उतरते. भिंत कोरडी पडते. पावसाळ्यातली दमट हवा आत शिरते, गंज चढतो आणि रिंगा भिंतीला चिकटतात.

पेट्रोलही टिकत नाही. ते हळूहळू उडून जाते आणि मागे चिकट थर राहतो. त्या थराने कार्बोरेटरची बारीक भोके बुजतात. रबरी नळ्या कडक होऊन तडकतात. उंदीर वायरी कुरतडतात. कधी कधी एअर फिल्टरमध्ये घरही करतात.

गॅरेजमधला संवाद

मुलगी : काका, नवीन बॅटरी आणलीय. सेल्फ मारून बघू का?

मिस्त्री काका : थांब गं! बॅटरी लावूच नकोस. इंजिन फिरतंय की जाम झालंय, ते आधी बघू.

मुलगी : सेल्फ मारला की कळेलच ना?

मिस्त्री काका : कळेल, पण उशिरा कळेल. स्टार्टर जोरात फिरवतो. रिंग चिकटलेली असली तर तुटेल, सिलिंडरला चरे पडतील. मग सगळं इंजिन खोलावं लागेल. हातानं फिरवलं, की कुठं अडकतंय ते हाताला लगेच समजतं.

मुलगी : आणि फिरलंच नाही तर?

मिस्त्री काका : जोर नाही लावायचा. तेल सोडायचं आणि वाट बघायची. आज नाही फिरलं तर उद्या, नाहीतर परवा. इतकी वर्षं थांबलीय गाडी, अजून दोन दिवस थांबेल.

कामाचा क्रम

१. गियर न्यूट्रलमध्ये ठेवा. चाकांना दगड लावा.
२. चारही स्पार्क प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि एक-दोन दिवस थांबा.
३. क्रँकशाफ्टच्या पुढच्या नटाला पाना लावा आणि इंजिन सावकाश दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. दोनच का? कारण दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरचे एक चक्र पूर्ण होते.
४. जुने ऑइल काढून नवे भरा. रेडिएटरमधले गंजलेले पाणी बदला.
५. टाकीतले जुने पेट्रोल काढा. टाकी आणि कार्बोरेटर साफ करा. तडकलेल्या नळ्या बदला. हे काम उघड्यावर करा आणि जवळ आग किंवा ठिणगी नको.
६. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट साफ करा. त्यांच्यावर थर बसला असेल, तर ठिणगी पडत नाही.
७. आता बॅटरी लावा. प्लग न बसवता, कॉइलची वायर काढून, थांबत थांबत सेल्फ मारा. तेलाच्या दाबाचा लाल दिवा विझला, म्हणजे वंगण वरपर्यंत पोहोचले. मगच प्लग आणि वायर बसवा.

इंजिन सुरू झाल्यावर

गाडी मोकळ्या जागेतच सुरू करा. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो, पण तो जीव घेऊ शकतो. सुरुवातीला निळसर-पांढरा धूर येईल. सिलिंडरमध्ये सोडलेले तेल जळत असते, म्हणून घाबरू नका. मात्र लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही किंवा आतून ठोके ऐकू आले, तर इंजिन लगेच बंद करा.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा : इंजिन सुरू झाले, म्हणजे गाडी रस्त्यावर न्यायला तयार झाली असे नाही. आधी ब्रेक आणि टायर तपासायचे. न सुटणारे इंजिन गाडीला घरी ठेवते. न लागणारे ब्रेक तिला कुठे नेतील, सांगता येत नाही.

भाषेकडे लक्ष द्या

लेखी : फिरत आहे, झाले आहे, हाताने
बोली : फिरतंय, झालंय, हातानं

‘जोर नाही लावायचा’ या वाक्यात काका नियम सांगतात. अर्थ : जोर लावू नकोस.

सराव

१. मिस्त्री काकांनी बॅटरी लावू का दिली नाही? दोन वाक्यांत सांगा.
२. लेखी भाषेत लिहा : ‘कुठं अडकतंय ते हाताला लगेच समजतं.’
३. ‘आधी’, ‘मग’, ‘मगच’ हे शब्द वापरून चहा करण्याचा क्रम लिहा.
४. घरातल्या मोठ्यांना विचारा : त्यांच्या लहानपणी घरी किंवा शेजारी कोणती गाडी होती? ती बंद पडली की काय करत? ऐकलेले पाच वाक्यांत लिहा.